चालीची किंमत : पत्त्यांच्या वहीतली टिपणे

तिर्रटीच्या, म्हणजे तीन पत्तीच्या, बैठकीत सर्वांत अवघड गडी तो, जो पानं न पाहता चाल देतो, प्रत्येक फेरीला डाव चढवतो आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसतो. त्याला काही जास्त एक्के येत नाहीत. तरी बैठक मोडताना ढीग त्याच्यापुढे असतो, कारण त्याच्यासमोर बसलेला माणूस दोन टोकांना जातो. एका डावात घाबरून नव्वीची जोडी टाकतो, पुढच्या डावात चिडून नुसत्या एक्क्यावर सगळं लावतो. भीती आणि चीड, दोन्हींचं मूळ एकच : समोरच्याची चाल म्हणजे आपल्याला दिलेलं आव्हान आहे असं वाटणं.

माझ्या मते चाल ही किंमत असते. इतके दिलेस तर डावात राहशील, एवढंच ती सांगते. किंमत परवडते की नाही हे मोजता येतं. आव्हान मोजायला मापच नसतं, म्हणून माणूस त्यात बुडतो. पुढची टिपणं याच गोष्टीच्या वेगवेगळ्या बाजू आहेत.

*

आमच्या बैठकीत चिंचोके लावतात. सुरुवातीला प्रत्येकाला सारखे चिंचोके मिळतात. ज्याचे संपले तो उरलेला वेळ बघत बसतो. डावाचं डोकं शिकायला पैसा लागत नाही, मर्यादा लागते. हातातला चिंचोका पुन्हा मिळणार नसेल तर माणूस तो विचार करूनच पुढे सरकवतो. आणि सकाळी कुणाच्या घरी किराण्याचा डबा रिकामा निघत नाही.

*

भास्कराचार्य (जन्म १११४) आपल्या बीडचे, असं इथं अभिमानानं सांगतात. त्यांनी स्वतः आपलं गाव विज्जडविड असं नोंदवलं आहे. ते नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख खानदेशाच्या बाजूनं बोलतो. तो वाद सुटेल तेव्हा सुटो. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’तली त्यांची एक रीत मात्र पत्त्यांपुढे बसणाऱ्या प्रत्येकानं शिकावी. सहा रसांची वेगवेगळी मिश्रणं किती होतील, असं ते विचारतात. उतरते आकडे वर, चढते आकडे खाली, गुणायचं आणि भागायचं. एकेक रस घेतला तर ६, दोन-दोन १५, तीन-तीन २०. शेवटपर्यंत गेलं की एकूण ६३.

हीच रीत बावन्न पानांना लावू. वर ५२, ५१, ५० यांचा गुणाकार, खाली १, २, ३ यांचा. उत्तर २२,१००. तीन पानांचे एवढेच हात जगात आहेत. त्यांत तीन सारखी पानं ५२ वेळा, एकाच रंगाची लागोपाठ पानं ४८, वेगवेगळ्या रंगांची लागोपाठ ७२०, नुसता एक रंग १,०९६, जोडी ३,७४४. उरलेले १६,४४० हात म्हणजे सुटी पानं.

या शेवटच्या आकड्यावर थोडं थांबायला हवं. चारांतल्या जवळपास तीन वेळा माणसाच्या हातात जोडीसुद्धा नसते. आवाज कितीही चढला तरी हा आकडा बदलत नाही.

*

दोघंच उरलेत. तो अजून ब्लाइंड, म्हणजे पानं न पाहता खेळतोय, तुम्ही पानं पाहिलीत : एक्का, छक्की, तिर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची. नियम असा की ब्लाइंडवाल्यानं एक दिला की पाहिलेल्यानं दोन द्यायचे.

त्यानं पानं पाहिलेलीच नाहीत, म्हणजे त्याचा हात कुठलाही असू शकतो. तुमची तीन पानं गड्डीतून वजा करून मोजलं तर शंभरांत ६१ वेळा तुम्ही पुढे आहात. बहुतेक जण इथं खूश होतात आणि चाल दुप्पट करतात.

आता किंमत बघा. नव्या फेरीला तुमचे २ आणि त्याचा १, मिळून ३ चिंचोके पडतात. त्यांतला तुमचा वाटा शंभरांत ६१, म्हणजे साधारण १.८४. तुम्ही घातले २. पुढे असूनही प्रत्येक नव्या फेरीला तुमचं थोडं थोडं जातंच आहे. ही वाढीव फेरी फायद्याची व्हायला तीनांतल्या दोन वेळा जिंकावं लागतं, आणि तेवढं बळ साधारण एक्का-दश्शीच्या आसपास येतं.

म्हणून एक्का-छक्की टाकायची का? नाही. आधी पडलेल्या ढिगात तुमचा मोठा वाटा आहे, तो सोडून उठणं तोट्याचं. राहायचं, पण कमीत कमी चालीनं. डाव आपण होऊन चढवायचा नाही. ब्लाइंड खेळणाऱ्याचं खरं शस्त्र त्याची अर्धी किंमत हे आहे. तुम्ही दुप्पट केलीत की ते शस्त्र तुम्हीच त्याच्या हातात दिलंत.

आणखी एक. पुष्कळ बैठकींत पाहिलेल्या गड्याला ब्लाइंडवाल्याकडे शो, म्हणजे पानं उघडून निकाल, मागता येत नाही. बसण्याआधी हे विचारून घ्यावं. नियम पानांपेक्षा मोठा असतो.

*

मग तो पानं उचलतो, बघतो आणि पुन्हा चाल देतो.

या क्षणी डाव नवा झाला. समजा, तो पाहिल्यानंतर जोडी किंवा त्याहून चांगलं असेल तरच राहतो. असे हात ५,६६०. तुमच्याकडे नव्वीची जोडी आहे. तो ब्लाइंड होता तेव्हा हीच जोडी शंभरांत ८४ वेळा जिंकत होती. आता तिच्याखाली फक्त दुर्रीपासून अठ्ठीपर्यंतच्या जोड्या उरल्या, म्हणजे २,०१६ हात. शंभरांत ३६.

तुमची पानं तीच, ढीग तोच, त्याचा आवाजही तोच. बदललं ते एवढंच की त्यानं खाली बघितलं. आधीच्या चार फेऱ्यांत त्यानं दिलेला त्रास मनात साचलेला असतो, आणि माणूस त्या त्रासाचा बदला या फेरीत घ्यायला जातो. पण ब्लाइंड चाल देणारा आणि पाहून चाल देणारा हे दोन वेगळे गडी समजावेत, जरी ते एकाच सतरंजीवर एकाच जागी बसलेले असले तरी.

*

साइड शो, म्हणजे आधीच्या गड्याशी गुपचूप पानं ताडून बघणं, मागणं ही कित्येकांना नुसती उत्सुकता वाटते. तीही विकत घेतलेली माहिती आहे. मधल्या ताकदीचं पान असताना, आधीच्या गड्याबद्दल शंका असताना आणि मागे अजून आक्रमक माणूस चाल द्यायचा बाकी असताना साइड शो उपयोगी पडतो. दोघांतला एक गळतो आणि पुढचा निर्णय सोपा होतो. तुमचं पान भक्कम असेल तर मागू नये. ज्याच्याकडून आणखी चाल यायची त्यालाच तुम्ही बाहेर काढता. आणि समोरच्यानं साइड शो नाकारला तर तेही टिपून ठेवावं. नकारातून पुष्कळ कळतं.

*

नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात सौदा बघावा. दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगतो. भाव वाढीव असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी घेणारा चिडत नाही की पळत नाही. तो बैलाचे दात बघतो, चालवून बघतो, मनात आपला आकडा धरतो आणि मग बोट दाबतो, नाहीतर पुढच्या दावणीकडे जातो. समोरच्याची चाल अशी ऐकावी.

आकडा कसा धरायचा? ढिगात १,००० आहेत आणि त्यानं ५०० लावले. तुम्ही ५०० दिले की ढीग २,०००चा होतो. चारांत एकदा जिंकलात तरी बरोबरी. त्यानं पूर्ण १,००० लावले तर तीनांत एकदा जिंकावं लागतं. ढिगाच्या दुप्पट, म्हणजे २,००० लावले तर पाचांत दोनदा. एवढे तीन आकडे पाठ असले की निम्मी भीती जाते. जोरात लावणारा माणूस प्रत्येक वेळी खरा असायची गरज नसते, तसंच तुम्हीही प्रत्येक वेळी बरोबर असायची गरज नसते. ढिगाएवढी चाल असेल तर तीनांत दोनदा चुकूनही तुमचं काही गेलेलं नसतं.

*

आता पोकरचा डाव. टेक्सास होल्डएम : दोन पानं प्रत्येकाच्या हातात, पाच पानं मध्ये सगळ्यांची, आणि चार वेळा चाल. मधली तीन पानं एकदम उघडतात, मग एक, मग शेवटचं एक.

आक्रमक गड्यानं सुरुवातीला डाव चढवला, आपण नुसती बरोबरी केली. आपली पानं बदाम एक्का आणि किलवर राणी. मध्ये उघडलं : इस्पिक राणी, इस्पिक नव्वी, चौकट चौकी. मग किलवर सत्ती. शेवटी बदाम दुर्री. शेवटच्या पानाआधी दोन्ही वेळा त्यानंच चाल दिली, आपण दोन्ही वेळा बरोबरी केली. ढिगात १,२०० आहेत आणि शेवटच्या पानावर तो पुरे १,२०० लावतो.

राण्यांची जोडी आणि वर एक्का. चांगला हात. पण ज्या पानांवर माणूस स्वतःहून तीन वेळा एवढं लावेल, त्यांच्यापुढे तो चांगला नाही. त्याच्याकडे नेमकं काय आहे, हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण त्याला उत्तर नाही. विचारायचं ते असं : तो कोणकोणत्या पानांनी हा डाव सुरुवातीपासून असाच खेळला असता?

आपल्याला हरवणारे हात. हातात नव्वी, सत्ती किंवा चौकीची जोडी : प्रत्येकी ३, मिळून ९. राण्यांची जोडी : १. एकाच रंगाची राणी-नव्वी : २. एकाच रंगाची नव्वी-सत्ती : २. एक्क्यांची जोडी ३, राजांची ६. एकूण २३.

हुकलेले हात. इस्पिकाचा रंग जमेल म्हणून थांबलेले : इस्पिक एक्क्यासोबत राजा, गुलाम, दश्शी, अठ्ठी, छक्की, पंजी, तिर्री, असे ७, इस्पिकाचेच राजा-गुलाम, राजा-दश्शी, गुलाम-दश्शी, दश्शी-अठ्ठी, अठ्ठी-छक्की, छक्की-पंजी, असे ६. लागोपाठ पानांच्या आशेवरचे, इस्पिक सोडून बाकी रंगांतले गुलाम-दश्शी, दश्शी-अठ्ठी, अठ्ठी-छक्की : प्रत्येकी ३, मिळून ९. एकूण २२.

किंमत काय? ढिगाएवढी चाल, म्हणजे तीनांत एकदा. तो हुकलेल्या सगळ्या २२ हातांनी थाप मारत असेल तर पंचेचाळीसांत बावीस वेळा आपण जिंकू. डोळे मिटून द्यावी. तो त्यांतल्या निम्म्यांनीच थाप मारत असेल तर चौतिसांत अकरा, शंभरांत ३२. किंमत किंचित महाग, टाकलेली बरी.

एवढा मोठा वाटणारा निर्णय शेवटी एका छोट्या प्रश्नावर येऊन उभा राहतो : हा माणूस हुकलेल्या डावांपैकी निम्म्यांवर शेवटची चाल देतो, की सगळ्यांवर? याचं उत्तर त्याच्या चेहऱ्यावर सापडत नाही. आधीच्या डावांत सापडतं.

*

त्याच डावात एक पान बदला. आपला एक्का बदामाऐवजी इस्पिकाचा. मनाला वाटतं, हात आणखी भारी झाला. खरं तर उलट झालं. इस्पिक एक्का आपल्या हातात म्हणजे तो धरून हुकलेले सातही हात त्याच्याकडे असूच शकत नाहीत. थापेचे हात २२ वरून १५ वर आले. हरवणारे २३ तसेच राहिले. निम्म्यांनी थाप मारणाऱ्यासमोर आपण आता चारांत एकदाच जिंकतो. आधी जेमतेम महाग असलेली किंमत आता सरळ तोट्याची झाली.

आपल्या हातातलं पान समोरच्याच्या हातात नसतं, हे लहान मूलही सांगेल. पण शेवटच्या चालीला हे आठवणारे गडी फार थोडे. माझ्या मते तयारीचा आणि नुसता धीट, या दोन खेळाडूंतला फरक इथं कळतो.

*

आक्रमक माणसाबद्दल पुरावा एकच : शोला उघडलेली पानं. बाकी सगळं आपलं मत. त्यातही एक फसगत आहे. तो थाप मारून जिंकतो आणि मुद्दाम पानं उताणी टाकतो, सगळे हसतात. ते चित्र मनात पक्कं बसतं. ज्या दहा डावांत त्याच्याकडे खरंच पानं होती आणि बाकीच्यांनी आपली टाकली, ते डाव कुणी पाहिलेच नाहीत. मग सगळे म्हणतात, हा नुसत्या थापा मारतो. असं म्हटलं जावं यासाठीच त्यानं ती पानं दाखवलेली असतात. म्हणून दाखवलेली थाप आणि पैसे देऊन उघड करून घेतलेली थाप यांची नोंद वेगवेगळी ठेवावी. दुसरीचं वजन जास्त.

टिपायचं ते असं : पानं असताना तो किती लावतो, नसताना किती, पहिल्या दोन चालींनंतर तिसरीला थबकतो का, हरल्यावर लगेचच्या डावात ब्लाइंड वाढवतो का.

*

थाप हा स्वभाव असतो असं आपण धरून चालतो. जॉन फॉन नॉयमान यांनी १९२८ च्या निबंधात आणि पुढे १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासोबतच्या ग्रंथात तिला गणितात बसवलं. त्यांच्या पोकरच्या नमुन्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते : थाप मारायची ती सगळ्यांत वाईट पानांनी. मधली पानं थापेत खर्च करू नयेत. ती समोरच्याची थाप पकडायला ठेवावीत. ढिगाएवढी चाल देताना दोन खऱ्या हातांमागे एक थाप, हे प्रमाण राखलं की समोरचा देवो की टाको, त्याला त्यातून काही मिळत नाही.

जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या कॅसिनोत नोम ब्राउन आणि टुओमास सँडहोम यांच्या ‘लिब्रेटस’ या संगणकप्रणालीनं चार कसलेल्या व्यावसायिक खेळाडूंशी वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळून त्यांना हरवलं. ती ढिगाच्या कित्येक पटीनं चाल द्यायची. तिला राग नव्हता, मिशी पिळायची हौस नव्हती. आक्रमकपणा रागाशिवाय असू शकतो, नव्हे, तसाच तो जास्त धोक्याचा असतो, हे त्या वीस दिवसांनी दाखवून दिलं. समोरचा गुरकावतो म्हणून तो थापाड्या, किंवा शांत आहे म्हणून खरा, असं काही नसतं.

*

२००३ ची पोकरची जागतिक मालिका, लास वेगास. ८३९ खेळाडूंतून शेवटी दोघं उरले : टेनेसीचा हिशेबनीस क्रिस मनीमेकर आणि मुरलेला व्यावसायिक सॅमी फारहा. मध्ये इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की, इस्पिक अठ्ठी, बदाम तिर्री. फारहाकडे इस्पिक राणी आणि बदाम नव्वी, म्हणजे मधल्या सगळ्यांत वरच्या पानाची जोडी. मनीमेकरकडे इस्पिक राजा आणि बदाम सत्ती, म्हणजे काहीच नाही. रंगही हुकला, सरळ पानंही हुकली. त्यानं सगळं पुढे सरकवलं. फारहानं विचार केला आणि पानं टाकली. पुढे मनीमेकर जिंकला, २५ लाख डॉलर घेऊन गेला.

या डावाला धाडस म्हणतात. मी त्यातला इस्पिक राजा बघतो. तो मनीमेकरच्या हातात होता, म्हणून राजा वर असलेला इस्पिकाचा रंग फारहाकडे असणं शक्य नव्हतं. आणि मध्ये तीन इस्पिक असल्यामुळे मनीमेकरकडे रंग असणं मात्र पूर्ण पटण्याजोगं होतं. फारहाचा निर्णय चुकला असं निकालावरून म्हणता येतं. पण जगज्जेतेपद पणाला लागलं असताना एका जोडीवर सगळं लावणं किती जणांना जमेल? निकाल बाजूला ठेवून निर्णय तपासायची सवय लावण्यासाठी हा डाव उत्तम आहे.

*

नळाची गोष्ट वनपर्वात आहे, आपल्याकडे कीर्तनात अजून ऐकायला मिळते. त्याचा भाऊ पुष्कर यानं फासे खेळायला बोलावलं, नळाला नाही म्हणता आलं नाही. नगरजन दाराशी आले, दमयंतीनं विनवलं, तो उठला नाही. राज्य गेलं. पुढे ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन रथ हाकताना वाटेत बेहड्याचं झाड लागलं. ऋतुपर्णानं एका नजरेत त्याची पानं-फळं मोजून सांगितली. नळानं रथ थांबवला, स्वतः मोजून पाहिली, आकडा बरोबर निघाला. मग त्यानं आपली अश्वविद्या देऊन त्याच्याकडून अक्षविद्या घेतली. ती मिळताक्षणी त्याला पछाडून बसलेला कली त्याच्या अंगातून बाहेर पडला.

कली मंत्रानं किंवा पश्चात्तापानं जात नाही, मोजायला शिकल्यावर जातो, हा या कथेतला सर्वांत मोठा विचार आहे असं मला वाटतं. पहिल्या वेळी नळ आव्हानाला उत्तर द्यायला बसला होता. दुसऱ्या वेळी तो जाणून बसला, जिंकला, आणि पुष्कराला त्याचा वाटा देऊन सोडूनही दिलं. ज्याला किंमत कळली त्याला सूड घ्यावासा वाटत नाही.

*

कायदा स्पष्ट माहीत असावा. १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं रमीत कौशल्याचा भाग मोठा असल्याचं मानलं, कारण पडलेली पानं लक्षात ठेवून उचलावं-टाकावं लागतं. तीन पानांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा ठरवला. तो खटला हैदराबादच्या जुगार कायद्याखालचा होता. बीडही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होतं. आज आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा चालतो, आणि पैसे लावून तिर्रट खेळणं हा गुन्हा आहे. पोकर गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये जुगारच ठरवला. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो जहाजांवर तो परवान्यानं चालतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवणं त्यानं बंद केलं.

मला हा शेवटचा कायदा योग्य वाटतो. मोबाइलमधल्या टेबलावर समोर कोण बसलंय ते दिसत नाही, बैठक मोडत नाही, आणि प्रत्येक डावातून चालवणाऱ्याचा हिस्सा कापला जातो. इतक्या बारीक फरकानं ठरणाऱ्या निर्णयांत तो हिस्सा कापला गेला की बरोबर खेळणाराही हळूहळू संपतो.

*

आपल्या जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या आसपास ऊसतोडीची उचल घरात येते. मुकादमाकडून घेतलेली ती रक्कम पुढच्या हंगामात कोयता चालवून फेडायची असते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. सणाची बैठकही त्याच दिवसांत बसते.

मघाचं गणित इथं पुन्हा लावू. तीनांत दोनदा हरूनही चालतं, हे तेव्हाच खरं जेव्हा तिसऱ्या डावापर्यंत माणूस बैठकीत असतो. ज्याची उचल पहिल्या दोन डावांत गेली त्याच्यासाठी तिसरा डाव येतच नाही. शिवाय पुढे सरकवलेल्या रकमेतले निम्मे कष्ट बायकोचे, आणि तिला कुणी विचारलेलं नसतं. आक्रमक गडी हे ओळखून असतो. ज्याला हरणं परवडत नाही त्याच्यावरच तो जास्त जोर लावतो, कारण तो घाबरून टाकणार किंवा चिडून बुडणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. अशा पैशानं बसलेल्याला शंभरांत ६१ असोत की ८४, काही उपयोग नाही. त्याच्यासाठी बरोबर निर्णय बसण्याआधीच घ्यायचा असतो, आणि तो न बसण्याचा असतो. हे मी उपदेश म्हणून लिहीत नाही. वर मांडलेल्या प्रत्येक हिशोबातून हेच उत्तर निघतं.

*

वही कशी ठेवावी. चार रकाने. पहिल्यात ढीग आणि चाल, म्हणजे किंमत. दुसऱ्यात समोरचा कोणकोणत्या पानांनी असा खेळला असता याचा अंदाज. तिसऱ्यात आपण काय केलं आणि का. चौथ्यात निकाल. पहिले तीन रकाने पानं उघडण्याआधी मनात भरलेले असावेत. निकाल कळल्यावर कारणं शोधायला लागलं की जिंकलेला प्रत्येक डाव शहाणपणाचा वाटतो आणि हरलेला प्रत्येक डाव दुर्दैवाचा.

महिनाअखेरी चौथा रकाना हातानं झाकून बाकीचे तीन वाचावेत. किंमत परवडत होती तिथं दिली का, नव्हती तिथं टाकली का, एवढंच तपासावं. टाकलेल्या पानांबद्दल बैठकीत कुणी पळाला म्हणालं तर म्हणू द्यावं. का टाकली हे आपल्याला आकड्यांत सांगता आलं, तर तो डाव आपण नीट खेळलो.